वाडीची हिवाळी हवा

हवा भेदभाव करत नाही. राजवाडा असो की झोपडी, साधू असो की सावकार, ती सगळ्यांच्या छातीत सारखीच शिरते. परमेश्वराने माणसाला दिलेल्या समानतेतलं एवढं एकच दान आता शिल्लक उरलं आहे. हे वाक्य मनोहररावांनी पर्यावरण दिनाच्या भाषणासाठी स्वतः रचलं होतं. प्रत्यक्ष म्हणताना मात्र त्यांना मध्ये दोनदा थांबून व्यासपीठामागे थुंकायला जावं लागलं, कारण अमरावती रोडवरून आलेले सात ट्रक त्याच वेळी शहराच्या टोकाला असलेल्या वाडीच्या नाक्यावर एकामागून एक वळत होते. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या धुळीत कोणी वाजवल्या ते दिसलं नाही.

मनोहरराव एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात हेडक्लार्क होते. गोदामाला लागूनच त्यांचं घर. दोन खोल्या, पुढे ओसरी आणि वर सिमेंटचा स्लॅब. वाडीत तेव्हा बाकी सगळीकडे मातीची कवेलू नाहीतर टिनं, त्यामुळे माणसाची उंची स्लॅबवरून ठरायची. एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात हवेचं संशोधन करणाऱ्या कचेरीची जीप आली, तीही या स्लॅबकडे बघूनच थांबली. जीपमधून एक डॉक्टर साहेब उतरले. हे डॉक्टर हवेचे होते, पण वाडीला ते पटायला वर्ष लागलं. तोवर बाया पोरांचे फुटके कान घेऊन त्यांच्या वाटेत उभ्या राहत. साहेबांनी स्लॅबवर पाय आपटून पाहिला, विजेची लाईन पाहिली, आणि आठवड्याभरात तिथे एक मशीन येऊन बसलं. कोंबड्यांच्या खुराड्याएवढं, वर टिनाचं उतरतं छप्पर, पोटात मोटर. चालू केलं की पिठाच्या गिरणीसारखा आवाज. साहेबांनी समजावलं ते असं: मोटर हवा ओढते, हवा कागदातून जाते, धूळ कागदावर अडकते. कागदाचं आधीचं वजन आणि नंतरचं वजन यातला फरक म्हणजे वाडीची धूळ.

मनोहरराव 'मानद निरीक्षक' झाले. फाटकावर त्यांनी पत्र्याची पाटी रंगवून लावली. सोमवारी आणि गुरुवारी आंघोळ करून, सोवळ्यात असल्यासारखे ते वर जात, चिमट्याने जुना कागद उचलून पाकिटात घालत, नवा ठेवत, आणि पाकिटावर तारीख घालून लिहीत, 'उपकरण सुस्थितीत आहे'. खाली सही. ही सही गोदामातल्या सहीपेक्षा मोठी असे. शनिवारी कचेरीचा शिपाई देवाजी सायकलवर येऊन पाकिटं घेऊन जाई.

आता या घराची एक रीत सांगायला हवी. मनोहररावांच्या पत्नी सिंधूताई, त्यांना उघडी वस्तू बघवत नसे. रेडिओला कव्हर होतं, त्यावर दोन पोपट. शिलाई मशीनला कव्हर होतं. मिक्सर वर्षातून दिवाळीलाच चाले, पण त्याला दोन कव्हरं होती, एक घालायचं आणि एक धुवायला. टेबलफॅनला हिवाळ्यात झबलं चढे. या घरात उघडी म्हणाल तर फक्त माणसं होती. मशीन आलं त्या साली दिवाळीच्या साफसफाईत सिंधूताई वर गेल्या आणि मशीनच्या छपरावर बोटभर धूळ पाहून हादरल्या.

"अवो, सरकारी वस्तू आहे, अन् तुमी हिची अशी दशा करून राहिले? उद्या साहेबानं पाह्यलं तर?"

मनोहररावांनाही वाटलं, खरंच. जी वस्तू आपल्या भरवशावर ठेवली ती धुळीने खराब होऊ देणं बरोबर नाही. नाक्यावर ट्रकच्या सीटा शिवणारा होता, त्याच्याकडून मरून रंगाचं रेक्झिन आणलं. मुलीने, पुष्पलताने, शिवणकलेचा डिप्लोमा केला होता. तिने माप घेतलं, पांढरी पट्टी लावली, वायर बाहेर यावी म्हणून काज केलं, चारी कोपऱ्यांना नाड्या लावल्या. कव्हर मशीनला असं बसलं की बघत राहावं. मशीन आतमध्ये आधीसारखंच घरघरत होतं, फक्त जरा सोज्वळ आवाजात.

"बाबा," पुष्पलता म्हणाली, "थे धूळ ओढाची मशीन आहे ना? मंग धुळीले आत याले जागा कुठं राहिली?"

"वायरीचं भोक आहे ना वं," मनोहरराव म्हणाले. "तू शिवलं तेवढं पुरे. विज्ञानात डोकं नको लावू."

दिवाळीला चढलेलं कव्हर होळीला उतरे, कारण उन्हाळ्यात रेक्झिन तापून वास मारायचं आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरायची. ते धुऊन, घडी करून, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत जाई. असं दोन वर्षं चाललं.

पुष्पलताही दिवाळी ते होळी खोकायची. ही मात्र तिची स्वतःची रीत होती, कोणी शिकवलेली नाही. थंडी पडली की ड्रायव्हर लोक गोदामाच्या फाटकाशी जुने टायर पेटवून शेकत बसत, घरोघर सिगड्या धुपत, आणि तो सगळा धूर वर न जाता पोत्यासारखा वाडीवर पडून राही. पुष्पलताची शिलाई मशीन नेमकी रस्त्याकडच्या खिडकीत. पहिला पाऊस पडून गेला की तिच्या खोकल्याची कोणाला आठवणही राहत नसे.

त्र्याऐंशी साली पोळा झाल्यावर कळमन्याचं स्थळ आलं. मुलगा रविंद्र, कळमन्याकडे घरचं धान्याचं गोदाम. सोबत मुलाची आई बायजाबाई आणि मामा रुपराव. रविंद्र कमी बोलायचा. त्याच्या वाटणीचंही रुपराव बोलत. बाहेर रिमझिम होती, हवा धुतल्यासारखी स्वच्छ, आणि पुष्पलताने तासाभरात एकदाही खाकरलं नाही. जाताना रविंद्रने तिला विचारलं, "ह्या उशीचे अभ्रे तुमीच शिवले काय?" ती हो म्हणाली. एवढ्यावर दोघं लाल झाली. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मार्गशीर्षात ठरलं.

मार्गशीर्षात पुष्पलता पाटावर बसली आणि खोकली. मग परत खोकली. कुंकू लावायला हात पुढे आला तेव्हा खोकली, आणि हातातलं कुंकू बायजाबाईंच्या नव्या पातळावर उडालं. बायजाबाई स्वतः धान्याच्या भुसात जन्म काढलेल्या, त्यांचा आवाज चाळणीतून चाळल्यासारखा यायचा. पण त्यांनी मनातल्या मनात मोजलं आणि भावाच्या कानात आकडा सांगितला. अकरा.

रुपरावांनी ताट बाजूला सारलं. "मनोहरराव, एक बोलू काय? पोरीले छातीचं काही आहे काय?"

"छे छे! हवेचं आहे जी. हिवाळ्यात इथली हवाच तशी."

"फोटो काढला काय छातीचा?"

फोटो काढलेला होता. स्वच्छ होता. सिंधूताईंनी धावत जाऊन आणला, अर्थात त्यालाही कापडी पिशवी होती. रुपरावांनी तो उजेडात उलटा धरून पाहिला.

"फोटोचं काय सांगता? फोटो तर आमच्या रविंद्राचाबी चांगला येते."

रविंद्रने खाली मान घातली. इथे मनोहरराव गप्प बसले असते तर कदाचित गोष्ट दोन दिवसांत विरून गेली असती. पण माणसाच्या घरावर सरकारी मशीन असलं की त्याला गप्प बसवत नाही.

"अवो, माह्यावर नका विश्वास ठेवू," ते छतावर बोट दाखवून म्हणाले. "मशीनवर ठेवा. आमच्या डोक्यावर भारत सरकारची मशीन आहे. रोजची हवा मोजते. तिचा आकडा खोटा राहत नाही."

रुपरावांनी वर पाहिलं. छत मंदपणे घरघरत होतं. "मंग आणा तिचं लेखी," ते म्हणाले. "वाडीची हवा हिवाळ्यात खराब राहते, एवढं शिक्क्यानिशी आणा. साक्षगंध त्याच्या दुसऱ्या दिवशी. माणसाच्या जबानीवर पोरगी घ्याचे दिवस राहिले नाही, इवाई."

त्यांनी 'इवाई' म्हटलं, म्हणजे व्याही धरलं, याचाच मनोहररावांना आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी ते कचेरीत गेले.

डॉक्टर साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. भिंतीवर हातभर लांब आलेख लावला होता. शहरातल्या बाकी केंद्रांच्या रेघा हिवाळ्यात वर चढत होत्या, पावसाळ्यात खाली येत होत्या. सगळ्या एकाच चालीने, कवायतीसारख्या. एकच लाल रेघ उलटी चालली होती. हिवाळ्यात तळाला.

"ही तुमची वाडी, मनोहरराव," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा ओलावला. "सगळीकडची हवा हिवाळ्यात बिघडते. वाडीची शुद्ध होते. मी याला 'वाडी-परिणाम' असं नाव दिलंय. टेकडीवरून उतरणारं गार वारं धुळीला उचलून नेतं, असा माझा सिद्धांत. दिल्लीला वाचला. मार्चमध्ये परदेशात वाचायचाय."

मनोहरराव लाल रेघेकडे पाहत होते. ती दिवाळीच्या आठवड्यात धाडकन खाली पडत होती आणि होळीच्या आठवड्यात उठून उभी राहत होती. दोन्ही वर्षी. त्यांनी बोटांवर दिवाळी ते होळी महिने मोजले.

"साहेब, थे... कव्हर आहे."

"कसलं कव्हर?"

त्यांनी सांगितलं. रेक्झिन, पांढरी पट्टी, काज, नाड्या, सगळं. साहेबांनी ऐकून घेतलं, उठून दार लावलं, आणि परत येऊन बसले.

"मनोहरराव, तुमच्या दोनशेच्या वर पाकिटांवर 'उपकरण सुस्थितीत आहे' असं लिहिलंय. खाली कोणाची सही आहे?"

"माही."

"म्हणजे कव्हर नव्हतं. असतं तर तुम्ही सरकारी कागदावर खोटं लिहिलं असं होईल, आणि ते फौजदारीत जातं. तुम्ही खोटं लिहिणारे वाटत नाही मला." त्यांनी चहा मागवला. "बोला, काम काय काढलं होतं?"

मनोहररावांनी चाचरत मुलीचं सांगितलं. साहेबांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनाही एक मुलगी होती. ते म्हणाले, "दाखला द्यायला काहीच हरकत नाही. आकडे सांगतील तो दाखला."

"नको साहेब," मनोहरराव म्हणाले. चहा तसाच ठेवून उठले. घरी येऊन त्यांनी सांगितलं, साहेब दौऱ्यावर आहेत.

पण साहेब मदत करणाऱ्यांपैकी होते. शनिवारी रुपराव उत्तर न्यायला म्हणून ओसरीवर येऊन बसले, आणि तेवढ्यात देवाजी सायकल टेकवून आत आला. पाकिटं मागायच्या आधी त्याने खिशातून एक लखोटा काढला.

"साहेबानं अर्जंट देलं. पोरीच्या लग्नाचं आहे म्हणे."

मनोहररावांचा हात पोचायच्या आत रुपरावांचा पोचला. त्यांनी चष्मा लावला आणि प्रत्येक शब्द सुटा करून वाचलं: "दाखला देण्यात येतो की, दोन वर्षांच्या शास्त्रशुद्ध मोजणीनुसार वाडी केंद्रावरील हवा हिवाळ्यात संपूर्ण शहरात सर्वाधिक शुद्ध आढळते. सदर हवा श्वसनाच्या रुग्णांस हितकारक आहे."

 आतून पुष्पलताचा खोकला आला.

"हितकारक," रुपराव म्हणाले. "मंग पोट्टी काहून खोकलून राहिली?"

तेव्हा मनोहरराव धावत वर गेले, नाड्या तोडून कव्हर खाली आणलं आणि रुपरावांच्या मांडीवर टाकलं. फौजदारी झाली तर होऊ दे, म्हणून सगळं सांगून टाकलं. रुपरावांनी कव्हर उलटसुलट करून पाहिलं, पट्टीवरून अंगठा फिरवला.

"शिलाई चांगली आहे. पोरीनं केली?"

"मामाजी," पुष्पलता दारात येऊन म्हणाली, "म्या मशीनले कपडे शिवले. तिले खोकला आला नाही. आता माह्यासाठी एक शिवतो अन् आत बसतो, मंग करता काय पसंत?"

"पुष्पे!" सिंधूताई ओरडल्या. पण रुपराव हसले. ते वाईट माणूस नव्हते, आणि पुढचं बोलणंही त्यांनी न्यायानेच केलं. "एक दिवस देतो. आता नवीन कागद लावा, कव्हर ठेवा बाजूले. उद्या सकाळी याच टायमाले मी येतो. कागद काळा निघाला तर साक्षगंध उद्याच, अन् दाखला मी माह्या हातानं चुलीत घालतो. देवाजी, तू साक्षीदार."

इतका साधा न्याय मनोहररावांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता. त्यांनी त्याच पावली कामाला सुरुवात केली. नाक्यावर जाऊन ड्रायव्हरांच्या हातापाया पडले. मुलीचं लग्न आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणतो? सहा ट्रक घराकडे धुराडी करून लागले आणि उभ्या उभ्या अॅक्सिलेटर दाबत राहिले. दोन टायर घराच्या भिंतीशीच पेटवले. सिंधूताईंनी आयुष्यात पहिल्यांदा रेडिओ, मिक्सर, सगळं उघडं टाकलं आणि ओल्या लाकडाची सिगडी मशीनपाशी नेऊन ठेवली. संध्याकाळपर्यंत घर दिसेनासं झालं. शेजारचे लोक आग लागली समजून बादल्या घेऊन आले, आणि कारण कळल्यावर आपापल्या सिगड्या घेऊन आले.

पुष्पलताला दुसरीकडे पाठवावं असं एकदा सिंधूताईंच्या मनात आलं. पण शुभकार्याच्या आदल्या दिवशी नवरी मुलगी घराबाहेर कशी काढायची? ती मधल्या खोलीत तोंडाला ओला फडका लावून बसली. आधी खोकत होती, मग नुसतीच वाकत होती, आवाज येत नव्हता.

"थोडी कळ काढ वं," मनोहरराव दारातून म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते, धुराने आणि आनंदाने. "उद्या सिद्ध होते का नाही पाह्य, का तुले काहीच झालं नाही."

सकाळी रुपराव आले. सोबत रविंद्रही आला होता; त्याने नवा शर्ट घातला होता. नाक्यावरून घरापर्यंत येईतो रुपरावांना ठसका लागला. ते ओसरीच्या खांबाला धरून पाच मिनिटं खोकले, डोळ्यांतून पाणी आलं, त्यांच्या पांढऱ्या धोतरावर काळे ठिपके पडले होते.

"बापा बापा," ते म्हणाले, "श्वास घेता येत नाही इथं. चला, दाखवा."

सगळे वर गेले. मशीनचं छप्पर काळं झालं होतं. शेजारी वाळत घातलेली चादर काळी झाली होती. मनोहररावांनी चिमटा घेतला, छप्पर उचललं, आणि कागद उचलून सर्वांसमोर धरला.

कागद पांढरा होता. एका कडेला किंचित पिवळसर झाक होती, जशी नव्या पापडाला असते.

मनोहररावांनी तो उलटा करून पाहिला. मागूनही पांढरा होता. मोटर घरघरत होती.

"असं कसं," ते म्हणाले. "असं कसं होईन जी? तुमी स्वतः खोकलले ना आता! तुमचं धोतर पाह्या!"

रुपरावांनी धोतर पाहिलं, ते झटकलं. मग कागद हातात घेऊन उजेडात धरला. "म्या खोकललो थे खरं," ते म्हणाले. "पण मी काही शास्त्र नव्हे. तुमीच म्हटलं होतं, मनोहरराव, मशीनचा आकडा खोटा राहत नाही म्हणून."

रविंद्र जिन्यात दोन पायऱ्या मागे राहिला. खालच्या खोलीचं दार उघडं होतं. त्याने आत पुष्पलताला पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला खोकला आला, आणि तो मामांच्या मागे फाटकाकडे चालू लागला. त्याचं लग्न वैशाखात काटोलकडच्या मुलीशी झालं.

पुष्पलताला शहराबाहेर बेसा गावात मावशीकडे पाठवलं. बेशाला तेव्हा नुसती शेतं होती. तिथे ती त्या हिवाळ्यात खोकली नाही, पुढच्याही नाही. पण तिथे मशीन नव्हतं, त्यामुळे हे कुठे नोंदलं गेलं नाही. ती तिथेच शिवणवर्ग चालवू लागली. कव्हरं शिवायला मात्र ती नाही म्हणायची. कळमन्यानंतर कोणी विचारायला आलं नाही. वाडीत एकदा पसरलेलं सहसा खाली बसत नाही.

डॉक्टर साहेब मार्चमध्ये परदेशात जाऊन आले. मनोहरराव कागद बदलत राहिले, सही करत राहिले. त्यांनी कव्हर परत घातलं नाही आणि फेकलंही नाही. तरी त्या हिवाळ्याची लाल रेघ आधीपेक्षा जराशीच वर आली. साहेबांनी ती सिद्धांताची पुष्टी म्हणून लावली.

पंच्याऐंशीच्या जूनमध्ये मोटर जळली. कचेरीतून मेकॅनिक आला. त्याने मशीन उघडलं, कागदाच्या जाळीखालून पुठ्ठ्याची एक गोल चकती काढली, आणि सांगितलं की हवा वरून कधी ओढलीच गेली नाही. मोटर इतकी वर्षं खालच्या फटीतून ओढत होती. कागदावर उन्हाळ्यात पडलं ते वाऱ्याने आपोआप पडलं, पावसाळ्यात वाढलं ते दमटपणाचं वजन. चकती कंपनीने रेल्वेतून पाठवताना जाळीला धक्का लागू नये म्हणून बसवली होती. तिच्यावर इंग्रजीत छापलं होतं, वापरण्यापूर्वी काढावी.